विरोधात वर केलेला हात

बातमी आली तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये होते. बी.ए.च्या मुलांचा राज्यशास्त्राचा पेपर चालू होता. ऑफिसातला शिपाई दाराशी येऊन उभा राहिला आणि आत येईना, तेव्हाच काहीतरी झालंय हे मला कळलं. मी बाहेर गेले. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, नाशिकहून लतावहिनींचा फोन होता. भोये सर गेले." लतावहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. मी परत आत आले. पोरं खाली मान घालून लिहीत होती. पेपर भोये सरांनीच काढला होता, आजारपणात, जव्हारच्या घरी पलंगावर बसून. शेवटचा प्रश्न होता: 'आपण विरोध केलेला निर्णय बहुमताने मंजूर झाला, तर नागरिकाचे कर्तव्य काय? स्वतःच्या गावातील उदाहरण देऊन चर्चा करा.' एक मुलगी पेन गालाला लावून त्याच प्रश्नावर विचार करत बसली होती. मी तिच्या बाकाजवळून दोनदा गेले. घंटा होईपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. सरांनी विचारलेलं आहे, त्याचं उत्तर आधी लिहून होऊ दे, एवढंच मनात होतं... घंटा झाली, पेपर गोळा केले आणि मग सांगितलं. मघाची ती मुलगी बाकावरून उठलीच नाही.

आता काही आठवडे झाले. लिहायला बसते आणि पहिलं वाक्य 'प्रा. डॉ. हिरामण भोये यांचे दुःखद निधन' असं होतं आणि ते मला पुसावंसं वाटतं. मी कोल्हापूरकडची. मराठी शिकवायला जव्हारला आले तेव्हा इथे दोन वर्षं काढायची आणि बदली मिळाली की जायचं, असं ठरवून आले होते. सर माझ्या आधीपासून कॉलेजात होते. स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी त्यांनी मला कोपऱ्यातलं कपाट रिकामं करून दिलं आणि म्हणाले, "मॅडम, इथली पोरं हुशार आहेत, पण तुम्हाला ते कळायला वेळ लागेल. ती बोलत नाहीत." मला वाटलं, लाजत असतील. ते म्हणाले, "लाजत नाहीत. विचारलंच नाही कधी कुणी."

सरांचा पाडा सूर्यमाळच्या बाजूचा, हेदपाडा. चाळीसेक घरं डोंगराच्या कडेला विखुरलेली. भात, नागली आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी बायांची पायपीट. सर आश्रमशाळेत शिकले. वावर-वांगणीला लहान मुलं कुपोषणाने दगावली, त्या दिवसांत ते शाळकरी वयाचे होते. त्या काळाबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "गाड्या यायच्या. मोठी माणसं उतरायची. आमच्याबद्दल खूप बोलायची. चांगलंच बोलायची. माझा बाप हात जोडून उभा असायचा. पण बाबा, तुला काय वाटतं, असं त्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही." पुढे त्यांनी राज्यशास्त्र घेतलं, ग्रामसभेवर पीएच.डी. केली. मुंबईला विद्यापीठात जागा मिळत होती, ती सोडून जव्हारलाच राहिले. लोकांनी याला त्याग वगैरे म्हटलं की ते वैतागत. "माझी आई पाड्यावर, बायको इथल्या शाळेत, मी मुंबईत जाऊन काय करू?" असं म्हणत.

त्यांच्या शिकवण्याची मला समजलेली पहिली गोष्ट अशी. एके दिवशी ते तास संपवून आले आणि खुर्चीत मटकन बसले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "मी आज वर्गात मुद्दाम चुकीचं सांगितलं. ग्रामसभेत फक्त कुटुंबप्रमुखाला मत असतं, बाकीच्यांनी ऐकायचं असतं, असं म्हणालो. म्हटलं, कुणीतरी हात वर करेल. मॅडम, सगळ्यांनी लिहून घेतलं." ते हसत नव्हते. पुढच्या तासाला त्यांनी ते दुरुस्त केलं आणि मुलांना सांगितलं, की मी वर्षभर अधूनमधून चुकीचं बोलणार आहे, मला पकडा. तेव्हापासून शनिवारी दुपारी वाचनालयाशेजारच्या खोलीत चर्चा मंडळ सुरू झालं. विषय मोठेमोठे असत. निवडणुका होतात म्हणजे लोकशाही असते का, वर्तमानपत्रं गप्प बसली तर काय होतं, सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे देशाला विरोध का. पण बोलायचं कसंही, आपल्या घरच्या बोलीत, तुटक, चुकत. सुरुवातीला तीन-चार पोरं यायची आणि सरच बोलायचे. मीही जाऊन बसायची, कारण खोलीत बाई असली तर मुली येतात, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

वनिता त्या खोलीत पहिल्यांदा बोलली. ती सरांच्याच पाड्याची, नात्यातली नाही, पण लहानपणापासून त्यांना पाहिलेली. होस्टेलला राहायची. बरेच शनिवार ती भिंतीला टेकून नुसती बसली. एकदा सर म्हणाले, की आपल्या पाड्यांवर पूर्वी सगळे निर्णय सर्वांच्या संमतीने व्हायचे, ती जुनी लोकशाहीच होती. तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "सर, ते चूक हाय." सर थांबले. ती म्हणाली, "सगळ्यांच्या नाय. बायांना कोन इचारत व्हता?" ही सरांनी मुद्दाम केलेली चूक नव्हती. तो त्यांच्या प्रबंधातला मुद्दा होता. ते म्हणाले, "मला हे पुन्हा तपासायला हवं." आणि खरंच तपासलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाड्यापाड्यांवर फिरून म्हाताऱ्या बायांशी बोलले आणि त्यावर नवा लेख लिहिला. लेखाच्या तळटीपेत वनिताचं नाव होतं. ती टीप तिने होस्टेलच्या सगळ्या मुलींना दाखवली होती.

आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याने पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते. हेदपाड्याने ती घ्यावी म्हणून सर कितीतरी वर्षं पाठपुरावा करत होते. मोखाड्याला पंचायत समितीत खेपा, लोकांच्या समजुती... शेवटी ती सुरू झाली. आणि त्या सभेपुढे पहिलाच मोठा विषय आला तो रस्त्याचा. डांबरी रस्ता पाड्यापासून बराच लांब थांबायचा. पुढे पायवाट. आजारी माणूस असेल तर चादरीची झोळी करून, बांबूला अडकवून न्यायचं. आता रस्ता मंजूर होत होता, पण तो जवळचा मार्ग देवाच्या रानातून जात होता. पाड्याच्या वरच्या अंगाला जुनी आंब्याची, हिरड्याची, जांभळाची झाडं होती, त्यांच्या मुळाशी झरा होता, वाघदेवाचं ठाणं होतं. त्या रानात कुणी कुऱ्हाड नेत नसे. सरांचं म्हणणं, रस्ता मुरमाच्या उतारावरून वळवून न्यावा. तो लांब पडणार होता, खर्च वाढणार होता आणि त्याला मंजुरी कधी मिळेल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

दोन सभांमध्ये एकमत झालं नाही. तिसऱ्या सभेला मी चर्चा मंडळातल्या मुलांना घेऊन गेले होते. समाजमंदिरासमोर सगळे जमिनीवर बसले होते, ग्रामसेवक खुर्चीवर. सर उभे राहिले. वर्गात मी त्यांना शेकडो वेळा ऐकलं होतं, पण आपल्या बोलीत बोलताना ते वेगळेच वाटले. झऱ्याबद्दल बोलले, उन्हाळ्याबद्दल बोलले, वडिलांनी त्या रानात पहिल्यांदा नेलं त्याबद्दल बोलले. मला वाटलं, झालं, आता कोण विरोध करणार.

मग वनिता उठली. तेव्हा ती शिक्षण संपवून पाड्यावरच अंगणवाडीत काम करत होती. ती बोलली ते मला जेवढं कळलं तेवढं असं: "सर सांगतात ते खरं हाय. रान तोडला तं परत नाय यायचा. पन माजी भावजय पावसात बाळंतपनाला अडली. चार जनांनी झोळी उचलली. वाट निसरडी. गाडीपर्यंत पोचलो तवर पोर गेला. ती वाचली, पन त्या दिवसापासून ती आमच्याशी धड बोलत नाय. मुरमाच्या वाटेनी रस्ता येईल तो कवा येईल? तवर अजून कोनाची पोरं जातील? सर, तुमीच शिकवला, की ज्याला भोगायला लागतं त्याला आधी इचारा. मग माज्या भावजयीला इचारा." भावजय मागे बसली होती. तिने मान वर केली नाही. कुणी तिला विचारलंही नाही, त्याची गरज उरली नव्हती.

हात वर करून मत झालं. रस्त्याच्या बाजूने जास्त हात होते. त्या हातांत एक हात सरांच्या आईचा होता. सरांनी विरोधात हात वर केला आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत तो तसाच ठेवला. त्यांच्या बाजूला अजून काही म्हातारे होते. निकाल सांगून झाल्यावर सरांनी एकच मागणी मांडली, की झऱ्याच्या वरचं रान तरी कधी तोडायचं नाही, असं ठरवून टाकावं. त्याला मात्र सगळ्यांनी हात वर केले. सभा संपल्यावर ते वनिताकडे गेले. मला वाटलं, काही लागट बोलतील. म्हणाले, "मुद्दा सोडून कुठं गेली नाहीस. चांगलं बोललीस." ती रडायला लागली. ते तिथून निघाले आणि एकटेच रानात जाऊन बसले. आमची जीप अंधार पडायच्या आत निघायची होती, म्हणून मी त्यांना न भेटताच परतले.

पुढे त्यांच्या मुंबईच्या एका अभ्यासक मित्राने कळवलं, की वनखात्याच्या परवानगीत त्रुटी आहे, कोर्टात गेलात तर रस्ता थांबेल. मीही त्यांना तेच सांगत होते. स्टाफरूममध्ये आमचं बरंच वाजलं. मी म्हणाले, "सर, झाडांना मत नसतं. त्यांच्या वतीने कुणी बोलायचं?" ते म्हणाले, "मी बोललो ना. बोललो आणि हरलो." मी म्हणाले, "पण तुमच्याकडे अजून मार्ग आहे." त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "माझ्याकडे आहे, मॅडम. शिकलो म्हणून माझ्याकडे आहे. वनिता हरली असती तर तिच्याकडे कुठला मार्ग होता? ती सभेचं ऐकून घरी गेली असती. मीच त्यांना सांगितलं, या, बसा, इथं ठरेल ते खरं. आता माझ्या मनासारखं झालं नाही म्हणून मी ते कसं मोडू?" आणि थोड्या वेळाने, "झाडांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही..." झाडं तोडली त्या आठवड्यात ते कॉलेजला आले नाहीत.

त्यानंतर कॉलेजात 'लोकशाहीची सद्यस्थिती' या विषयावर परिसंवाद झाला. बाहेरगावचे जाणते अभ्यासक आले होते. संस्था कशा पोखरल्या जातात, बहुमताचा धाक कसा वाढतो, यावर मोलाचं बोलले. सरांनी निबंध वाचला तो हेदपाड्याच्या सभेवर, स्वतःच्या पराभवावर. पुण्याच्या एक प्राध्यापिका उठल्या. त्यांनी फार सरळ प्रश्न विचारला: "आज बहुमताने झाडं तोडली. उद्या बहुमताने एखादं घर वाळीत टाकलं, तर तुम्ही तेही मान्य कराल का?" सर म्हणाले, "नाही. सभेत कुणी बसायचं, हे सभेला ठरवता येणार नाही. एखाद्याला उठवून लावायचा ठराव आला तर मी कोर्टातही जाईन आणि रस्त्यावरही बसेन. पण मला कुणी उठवलं नव्हतं. मला पूर्ण बोलू दिलं. ऐकून घेऊन नको म्हणाले." बाई म्हणाल्या, "मग तुमचा निष्कर्ष काय?" सर म्हणाले, "निष्कर्ष अजून नाही. मला अजून त्रास होतो आहे." प्राध्यापिका खाली बसताना म्हणाल्या, की हे उत्तर मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन. दुपारी जेवताना दोघे कितीतरी वेळ बोलत होते. अन्न तसंच राहिलं होतं.

मूत्रपिंडं निकामी होत आहेत हे कळलं, ते नंतरच्या पावसाळ्यात. सर भाताच्या आवणीसाठी पाड्यावर गेले होते. श्वास लागायला लागला, अंगावर सूज चढली. वनिताने फोन करून जीप बोलावली. जीप थेट त्यांच्या अंगणापर्यंत आली. तीच सोबत बसली, खोडाळ्यापर्यंत आणि तिथून पुढे नाशिकला. वाटेत ते तिला म्हणाले, "बरं झालं, तू जिंकलीस." चेष्टेने म्हणाले असतील, पण तिला ते सोसलं नाही. नंतर माझ्यापाशी ती म्हणाली, "मॅडम, त्यांनी असं नव्हतं म्हनायला पायजे." पुढे डायलिसिस सुरू झालं. नाशिकला जाणं-येणं, थकवा, पथ्य. जरा बरं वाटलं की ते तास घ्यायचेच, खुर्चीत बसून. आवाज बसका झाला होता, पोरं पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसायची. सुट्टीत पाड्यावर जायचे ते त्याच रस्त्याने. लतावहिनी म्हणाल्या, रान होतं ती जागा आली की ते दुसऱ्या खिडकीकडे बघायचे. कधी चुकले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "आता तरी वाटतं का सर, वनिता बरोबर होती?" ते म्हणाले, "ती बरोबर होती. मी चूक होतो असं मात्र वाटत नाही. दोन्ही एकत्र कसं धरायचं, ते जमत नाही मला अजून." मग हसून म्हणाले, "हा प्रश्न पेपरात घालतो. पोरांना जमेल."

ते गेल्यावर त्यांना नाशिकहून पाड्यावर आणलं तेव्हा मी बरोबर होते. रुग्णवाहिका त्या रस्त्याने चढली. पाड्यातली माणसं दोन्ही बाजूला उभी होती. वनिता तिच्या भावजयीचा हात धरून उभी होती. कडेवर भावजयीची मुलगी, रस्ता झाल्यावर झालेली...

परवा पाड्याची ग्रामसभा होती. तरुण मुलांनी विषय आणला होता, की रस्त्याला 'प्रा. हिरामण भोये मार्ग' असं नाव द्यावं. लतावहिनींना जाववेना, म्हणून मी गेले. मला वाटत होतं, पाच मिनिटांचं काम आहे. सगळ्यांच्या माना हलत होत्या. तेव्हा वनिता उठली. म्हणाली, "सरांनी या रस्त्याच्या विरोधात हात वर केला व्हता. सगळ्यांनी बगितला. आता ते बोलायला नायत, म्हनून त्यांचा हात आपन खाली करायचा का?" मला खरं तर तिचा राग आला. माणूस गेला, नाव द्यायला काय जातं, असं वाटलं. मग एक म्हातारा म्हणाला, की पोरगी बरोबर बोलते. वाद झाला, बराच झाला. शेवटी नाव न देण्याच्या बाजूने हात जास्त झाले. सरांच्या आईनेही हात वर केला, नाव नको म्हणून. माझा राग केव्हा ओसरला, ते मला कळलं नाही.

सभा पांगली. मी आजींना, सरांच्या आईला, धरून घरी नेलं. त्यांनी चुलीवर काळा चहा ठेवला. मी विचारलं, "आजी, त्या वेळी तुम्ही सरांच्या विरुद्ध मत दिलंत. ते रागावले होते का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "त्या रातच्याला जेवताना म्हनला, 'आये, आज तू कोनाच्याच तोंडाकडं नाय बगितला.' माजा नवरा असताना मी त्याच्याकडं बगून हात वर करायची. तो गेला, मग ह्याच्याकडं बगून. त्या दिवशी वनिताच्या भावजयीचं ऐकला आनी हात आपोआप वर गेला. ह्यो म्हनला, 'मी हरलो पन मला बरा वाटला.'"

चहा उकळून वर आला. त्यांनी तो उतरवला, दोन पेल्यांत ओतला आणि एक माझ्यासमोर सरकवला. आपला पेला हातात तसाच धरून बसल्या.

"आज पन नाय बगितला मी कोनाकडं," त्या म्हणाल्या. "पन बाय, त्याच्याकडं न बगता हात वर करायचा, तं त्यो समोर बसलेला पायजे ना..."